तुडुमाची दुसरी किल्ली

त्या वर्षी तलावाचे नियम लिहायचे ठरले
आणि वही माझ्याकडे आली,
कारण माझं अक्षर बरं.

शाळेच्या व्हरांड्यात बसलो. मे महिना.
टेंभुर्णे सर निवृत्त, तरी खडू खिशात.
म्हणाले, सव्वादोनशे वर्षांमागे असाच उन्हाळा,
फिलाडेल्फिया नावाचं गाव,
पंचावन्न माणसं, खिडक्या बंद,
आतलं बाहेर जाऊ नये म्हणून.
घामानं कोट भिजले
आणि कागदावर सगळ्यात वर आलं : आम्ही लोक.

रेवनाथ कापगते हसला,
"इथं तं खिडक्याच नाही जी."

सरांनी फरशीवर खडूनं तलाव काढला.
पाळ, सलंग, तुडूम.
राजा म्हणजे, म्हणाले, तुडूम एकाच्या हाती.
त्याच्याही फार आधी, एका नदीकाठच्या कुरणात
सरदारांनी घेरलेल्या राजानं मेणावर मोहोर उमटवली :
कायदा माझ्याही वर.
पावसाळा सरायच्या आत शब्द फिरवला त्यानं,
पण मेणावरचं मेणावर राहिलं.
मग द्राक्षमळ्यांचा मालक, एक फ्रेंच न्यायाधीश.
त्याचं म्हणणं एवढंच की
तिन्ही कामं एका माणसाला देऊ नका.

"म्हणून पाणी किती, हे ठरवेल एक,
तुडूम उघडेल दुसरा,
तंटा तोडेल तिसरा.
आणि तिघांनी एकमेकांकडे जेवायला जायचं नाही."

"पोरीच देल्या हायेत जी एकमेकांत," दसाराम म्हणाला.
सरांनी खडू खाली ठेवला.

मी लिहिलं : सभासद म्हणजे ज्याची जमीन पाटाखाली.
तेव्हा पायरीवरून फुलवंता नान्हे,
झिंग्यांची टोपली डोक्यावर, बाजाराला निघालेली,
"अन् आमी?
तलाव आटला तं उपास आमच्या घरी.
पाटाखाली आमचं काही नाही. पान्यात हाय."

सर बराच वेळ गप्प.
मग तीस वर्षं वर्गात न सांगितलेलं सांगितलं.
त्या बंद खिडक्यांच्या खोलीत
गुलामांची मोजणीही झाली होती.
पाच माणसं म्हणजे तीन.
तीही त्यांच्यासाठी नाही,
त्यांच्या मालकांच्या जागा वाढाव्यात म्हणून.
कागद तोच. वरची ओळ तीच.

फुलवंतानं टोपली उतरवली.
"मंग आमी पाचात किती, थे लिवा."

कुणी बोललं नाही.
एक झिंगा टोपलीतून उडाला
आणि खडूच्या पाळीवर तडफडत राहिला.

मी ओळ खोडली.
सभासद म्हणजे या पाण्यावर जगणारा, असं लिहिलं.
रेवनाथ उठून गेला, त्याच्यामागे दोघं.
बाकीच्यांनी हात वर केले,
काहींनी खांद्यापर्यंतच.

रात्री वही साफ उतरवताना
कलम सातपाशी थांबलो :
तुडुमावर लोखंडी झाकण,
दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन घरं.
सगळ्यांना वाटलं, हे रेवनाथसाठी.

मागल्या आश्विनात धान निसवायच्या बेतात असताना
चांदणं नव्हतं त्या रात्री
कमरेइतक्या पाण्यात उतरून
डाट मीच ओढला होता.
घरात कुणी आजारी नव्हतं. देणं नव्हतं कुणाचं.
वावर माझं होतं
आणि बघणारं कुणी नव्हतं, इतकंच.
सकाळी रेवनाथवर आळ आला,
मीही मान हलवली.

हे वहीत नाही.

शेवटची चार पानं कोरी सोडली आहेत
दुरुस्त्यांसाठी, सरांच्या सांगण्यावरून.
एक किल्ली माझ्याकडे, दुसरी फुलवंताच्या घरी,
जाळ्यांच्या खुंटीला.
परवा मागायला गेलो
तर ती जाळं विणत होती, मान वर न करता म्हणाली,
"काहून पायजे, थे पयले सांग."